जुनी चेन सॉ घेताय? आधी तिचं साल ओळखा



दिवाळी झाली की आपल्याकडे बांधावरच्या बाभळी उतरवायचं काम निघतं. वर्षभराचं सरपण करून ठेवायचं असतं, वाफ्यावर पडणारी सावली कमी करायची असते. आणि याच दिवसांत दर वर्षी तीन-चार जण मला विचारतात, "जुनी चेन सॉ मिळतीय, घेऊ का?" मशीन कुठल्या तरी बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीतली असते, नाहीतर भंगारवाल्यानं बाजूला काढलेली. किंमत नव्या मशीनच्या चौथाईसुद्धा नसते. दोरी ओढली की दणदणीत आवाज येतो, आणि माणूस तिथंच भुलतो.

बैल घेताना आपण दात बघतो. मशीनचं वय कशावरून बघायचं? माझं म्हणणं असं, की चेन सॉ पारखायची तर थोडा इतिहास माहीत पाहिजे. मशीनचा आराखडा कोणत्या काळातला आहे हे कळलं, की तिच्यात काय नाही तेही कळतं. आणि जे नाही त्यानंच माणूस जखमी होतो.

सालं लक्षात राहावीत म्हणून आपल्याच नगर जिल्ह्यातल्या खुणा धरून सांगतो.

भंडारदऱ्याचं साल, १९२६

अकोल्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं ते १९२६ साली. त्याच वर्षी जर्मनीत स्टुटगार्टला आंद्रेआस स्टील नावाच्या इंजिनिअरनं आपली कंपनी काढली आणि विजेवर चालणारी साखळीची करवत बनवली. वजन जवळजवळ ४८ किलो. चालवायला दोन माणसं, एक मोटारीकडं आणि दुसरा पट्टीच्या टोकाला. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यानं जर्मनीतल्याच डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली. डोलमार हे ब्रँडचं नाव त्या डोंगरावरूनच पडलं. १९२९ ला स्टीलचीही पेट्रोल मशीन आली.

आपल्याकडे तेव्हा कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत. बाभळीचा सरळ बुंधा गाडीच्या चाकाला, नांगराला, औताला जायचा आणि फांद्या चुलीला. लाकूड इतकं जपून वापरलं जायचं, की अशा यंत्राची कुणाला गरजच वाटली नसती.

प्रवरानगरचं साल, १९५०

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीला सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप १९५० च्या शेवटी सुरू झालं. त्याच वर्षी स्टीलनं एकट्या माणसाला उचलता येईल अशी पेट्रोल मशीन आणली, वजन १६ किलो.

त्याआधी, १९४७ साली अमेरिकेत एक मोठी गोष्ट झाली होती. जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जुन्या साखळीला वैतागला होता. तिचे दात हातकरवतीसारखे उभे असायचे, लाकूड खरवडायचे आणि लवकर बोथट व्हायचे. लाकूड पोखरणारी एक जाड अळी आपल्या जबड्यांनी उजवीकडं-डावीकडं लाकूड कातरते, हे त्यानं बघितलं. त्यावरून त्यानं डावा दात, उजवा दात अशी साखळी बनवली. आज आपण वापरतो ती साखळी त्याच वळणाची. म्हणून धार बघायची सोपी खूण अशी: चांगली साखळी लाकडाच्या कपच्या फेकते. पिठासारखा भुसा पडायला लागला, की साखळी कातरत नाही, नुसती घासतेय.

१९५९ ला स्टीलची 'कॉन्ट्रा' आली. मधले गिअर काढून क्लचवरून साखळी थेट फिरवली आणि वजन १२ किलोवर आलं. पडदा असलेला कार्बोरेटर वापरला, त्यामुळे मशीन आडवी-तिरपी कशीही धरली तरी बंद पडत नाही. हुस्कव्हार्ना या स्वीडनच्या कंपनीनं आपली पहिली चेन सॉ काढली तीही १९५९ चीच. आजच्या चेन सॉचं रूप इथं ठरलं.

राहुरी विद्यापीठाचं साल, १९६८

मशीन हलकी आणि वेगवान झाली, पण हाताला बसणारा थरका वाढला. जंगलात रोज मशीन चालवणाऱ्या मजुरांची बोटं थंडीत पांढरी पडायची, बधिर व्हायची. म्हणून १९६०च्या दशकाच्या मध्यापासून हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे तुकडे बसवायला सुरुवात झाली. राहुरीला कृषी विद्यापीठ सुरू झालं त्या १९६८ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक इग्निशनही आलं. त्याआधीच्या मशीनला फ्लायव्हीलखाली पॉइंट असायचे, जुन्या राजदूतसारखे. पॉइंटला काजळी धरली की ठिणगी गायब.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला, तर फिरती साखळी तिथं अडकते आणि सगळी मशीन उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडं, खांद्याकडं येते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं, ताकदवान माणसालाही आवरता येत नाही. यावर उपाय म्हणजे चेन ब्रेक. पुढच्या हँडलसमोरच्या ढालीला हात लागला, की साखळी तिथल्या तिथं थांबते. स्टीलनं हा ब्रेक १९७२ ला आणला, आणि त्या दशकात इतर कंपन्यांच्या मशीनवरही तो येत गेला.

म्हणून माझा हिशोब सोपा आहे. मशीनचा आराखडा बहात्तरच्या दुष्काळाआधीचा की नंतरचा, हा पहिला प्रश्न. कंपनी, रंग, आवाज हे सगळं नंतर.

इथं एक मेख आहे

बिल्ल्यावरचं साल आणि आराखड्याचं साल एकच असतं असं नाही. आपल्याकडे जुन्या बाजारात सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते स्टील ०७० चं. १०६ सीसी, बार आणि साखळी सोडून दहा किलोच्या वर वजन. मोठमोठे बुंधे कापायला केलेली मशीन, आणि त्या कामाला खरंच दणकट. पण तिचा आराखडा साठच्या दशकातला. हीच मशीन आशियात पुढं कित्येक वर्षं विकली गेली, शिवाय चीनमध्ये तिच्या हुबेहूब नकला निघाल्या. त्यामुळे विकणारा "फक्त दहा वर्षं जुनी आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसेलही, पण मशीनची रचना त्याच्या वडलांच्या वयाची असते.

आराखडा ओळखायच्या चार खुणा

१. पुढच्या हँडलसमोर ढाल आहे का? असेल तर इंजिन बंद ठेवून ती पुढं ढकला. खटका बसून साखळी हातानं ओढली तरी हलत नसेल, तर ब्रेक आहे आणि तो चालतोय. ढाल नुसतीच पक्की बसवलेली असेल तर ती फक्त हाताला आडोसा, ब्रेक नाही.
२. हँडल धरून मशीन किंचित हलवा. इंजिन आणि हँडल यांच्यात रबराचा किंवा स्प्रिंगचा थोडा खेळ जाणवला पाहिजे.
३. मागच्या मुठीवर वरच्या बाजूला दाबायची पट्टी असते. ती दाबल्याशिवाय ॲक्सिलरेटर दबता कामा नये.
४. पट्टीच्या मुळाशी खालच्या बाजूला साखळी पकडणारा खुंट असतो. साखळी तुटली तर ती हातावर न येता तिथं अडकते.

यातली पहिली खूण नसेल, तर पुढची तपासणी कितीही चांगली निघू द्या, रोजच्या सरपणाला ती मशीन घेऊ नका.

इंजिनाची पारख

चेन सॉ म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आपल्या लुनाचंच भावंडं. लुना नगरच्या कायनेटिकच्या कारखान्यात बनायची, त्यामुळे टू-स्ट्रोकची नाडी ओळखणारे जुने मिस्त्री आपल्या जिल्ह्यात अजून सापडतात. शक्य असेल तर असा एक माणूस बरोबर न्या.

स्विच बंद करून मशीन सुरू करायच्या दोरीला धरून लटकवा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर मशीन थांबत थांबत, हिसके देत खाली येते. सरळ सुरकन खाली आली, तर रिंग किंवा पिस्टन गेलेला. मग सायलेन्सर काढा, दोन-तीन नटांचं काम आहे, आणि त्या भोकातून पिस्टन बघा. बाजू गुळगुळीत पाहिजे. उभे ओरखडे दिसले तर कुणीतरी ऑइल न मिसळता चालवलेली आहे. असल्या मशीनला हात लावू नका.

क्लचजवळचं साखळीचं चाक बघा. साखळीनं त्यावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खाचा पाडल्या असतील तर ते बदलावं लागेल, नाहीतर नवी साखळीही लवकर जाईल. साखळीचा पिच मोजायला लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्या आणि दोननं भागा. साधारण ८.२५ मिमी आलं तर ०.३२५, ९.५ च्या आसपास आलं तर तीन-अष्टमांश आणि १०.२६ आलं तर ०.४०४ इंची. यांना गोल कानस अनुक्रमे ४.८, ५.२ आणि ५.५ मिमीची लागते. ०७० ला ०.४०४ ची साखळी बसते. ही साखळी आणि तिची पट्टी तालुक्याच्या दुकानात मिळते का, हे मशीन घेण्याआधी विचारा.

आता रबर. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं, आणि त्यानं कारखान्यांना आधार मिळाला हे खरंच. पण जुन्या मशीनचे पाइप आणि कार्बोरेटरचा पडदा इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, नंतर कडक होतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. म्हणून जुनी मशीन घेतली तर पाइप आणि पडदे नवे टाकायचा खर्च धरूनच चला, आणि काम संपलं की टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून टाका. ऑइलचं प्रमाण मशीनवर किंवा तिच्या पुस्तकात दिलेलं पाळा. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:५० म्हणजे २० मिली.

एक ताजा हिशोब

गेल्या महिन्यात भावकीतल्या एकाबरोबर अशीच एक मशीन बघायला गेलो. बिल्ला गायब, रंग नवा मारलेला. अंगावरून ०७० च्या वळणाची. दोरीला लटकवली तर कॉम्प्रेशन झकास. पिस्टन स्वच्छ. चाकावर खोल खाचा, पट्टीच्या कडा फाकलेल्या. ब्रेक नाही, हँडलला रबर नाही.

त्याला कापायचं काय होतं? बांधावरच्या वीत-दीड वीत जाडीच्या बाभळी आणि पडीक रानातली वेडी बाभूळ. त्याला पन्नास सीसीच्या आसपासची, १६ किंवा १८ इंची पट्टीची मशीन भरपूर होते. बारा-तेरा किलोचा लोखंडी बोजा घेऊन काट्यात वाकून दिवस काढायचा, त्यात वेड्या बाभळीच्या गुंतलेल्या फांद्यांत पट्टीचं टोक हमखास कशाला तरी लागणार. शिवाय मशीन तो स्वतः चालवणार नव्हता, त्याचा एकोणीस वर्षांचा पोरगा चालवणार होता. चाक, पट्टी, साखळी, पडदे, पाइप असा खर्च मांडला तेव्हा "स्वस्त" मशीन स्वस्त राहिली नाही. तो म्हणाला, "इंजन तर वाघासारखं आहे." मी म्हणालो, "आहेच. पण पोराच्या हातात द्यायची का, ते बघ." त्यानं ती सोडली. ब्रेक असलेली, वापरलेली, मधल्या ताकदीची मशीन आता तो शोधतोय.

शेवटचं आणि गरजेचं

आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी स्वतःहून लावून घेतली आणि पाळली. कुऱ्हाडीनं झाड पाडायला घाम गळायचा, त्यात विचार करायला वेळ मिळायचा. मशीन पाच मिनिटांत आडवं करते. म्हणून विचार आधीच करायचा. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्यात आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. इतर झाडांबद्दलही वन विभागाच्या कचेरीत एकदा विचारून घ्या.

जुन्या बाभळीच्या बुंध्यात तारकंपाउंडची तार, खिळे लाकडानं गिळलेले असतात, ते आधी शोधा. डोळ्यांवर चष्मा, पायात जाड बूट, आणि मशीन चालू असताना एकटं कुणी रानात नको. बाभूळ ओली असतानाच तुकडे करून घ्या, वाळली की साखळी खाते.

आणि वखारीतली वाघासारखी जुनी मशीन कुणाकडे असेल, तर तिला भंगारात घालू नका. तिचा नंबर लिहून ठेवा, तेलपाणी करून जपा. मोठा बुंधा चिरायचा असेल तेव्हा जाणता माणूस ती चालवेल. सरपणासाठी मात्र बहात्तरच्या नंतरचीच बघा.