इंजिनाचे बारसे



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. मी आठवीपर्यंत शिकलेला, कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटलेला आणि पुढे युनियनच्या कामात पडलेला माणूस आहे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, नगरवाचनालयात बसून. तेव्हा पांडित्याची अपेक्षा माझ्याकडून करू नये. जे पाहिले, हाताळले आणि मागाहून पुस्तकांशी ताडून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

विषय दिसायला लहान आहे. कामाच्या जागी यंत्राला, जागेला, नव्या योजनेला नाव कसे द्यावे, आणि ते कोणी द्यावे? आपल्या घरी मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याला पाळण्यात घालतात आणि आत्या त्याच्या कानात नाव सांगते. आत्याचा तो मान असतो. कारखान्यात मात्र आत्या कोण, हे कुणी ठरवलेले नसते. आणि मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे, हे आपण जाणताच. चुकीचे नाव ठेवले की पुढे नावे ठेवण्याची पाळी येते. आणि कधी कधी त्याहून वाईट घडते. ते काय, हे मी पुढे सांगणार आहे.

उदाहरणासाठी मी रेल्वेचे इंजिन घेतले आहे. माझे वडील इंजिनावर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. घरी जेवताना ते इंजिनांविषयी अशा थाटात बोलत, की आईने विचारावे, ‘अहो, ही कोण तुमच्या नात्यातली?’ तेव्हापासून मला हा नाद लागला.

प्रारंभी इंजिने थोडी होती, म्हणून त्यांना माणसांसारखी नावे होती. इंग्लंडात १८२९ साली स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ने शर्यत जिंकली, तेव्हा त्याला क्रमांक देण्याची कुणाला गरजच भासली नाही. आपल्याकडेही तसेच झाले. मुंबईत लोहमार्ग बांधण्याच्या कामावर १८५२ साली जे इंजिन धावू लागले त्याचे नाव ‘फॉकलंड’. लॉर्ड फॉकलंड तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिला ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावे ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ अशी सांगतात. ही तीन नावे जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. साहेब म्हणजे राज्यकर्ता, सिंध म्हणजे दहाच वर्षांपूर्वी, १८४३ साली, जिंकलेला मुलूख, आणि सुलतान म्हणजे ज्याचे राज्य गेले तो. खडी फोडणाऱ्याचे, भराव टाकणाऱ्याचे, बोगदा खोदणाऱ्याचे नाव पितळी पाटीवर कुठेही नव्हते.

ही रीत पुष्कळ वर्षे टिकली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी सुरू झाली. तिचे उद्घाटन करणारे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव पुढे विजेच्या एका मालगाडीच्या इंजिनाला लाभले. त्यांच्यानंतरचे एक गव्हर्नर सर रॉजर लमले यांचे नाव एका प्रवासी इंजिनाला मिळाले. ही दोन्ही इंजिने दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवली आहेत.

परंतु इंजिने शेकड्यांनी वाढली, तेव्हा मानाच्या नावांनी भागेना. शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनाला कोणता सुटा भाग लागेल, ते कोणत्या रुळावर चालेल, हे ‘सुलतान’ या नावावरून कसे कळावे? म्हणून अक्षरे आली. १९२० नंतरच्या दशकात प्रमाणित इंजिने ठरवण्यात आली, तेव्हा रुंद रुळाला ‘एक्स’, मीटर रुळाला ‘वाय’ आणि अरुंद रुळाला ‘झेड’ अशी अक्षरे दिली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद रुळाची नवी इंजिने बनवायची ठरली. जुन्या ‘एक्स’ वर्गाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यांना ‘डब्ल्यू’ हे वेगळे अक्षर देण्यात आले. माझ्या मते हा फार शहाणपणाचा निर्णय होता, आणि त्याचे मर्म पुढे आपल्या ध्यानात येईल.

या पद्धतीची रचना सोपी आहे. पहिले अक्षर रुळाचे. दुसरे शक्तीचे: ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘सी’ म्हणजे एकदिश वीज, ‘ए’ म्हणजे प्रत्यावर्ती वीज. तिसरे कामाचे: ‘पी’ म्हणजे प्रवासी, ‘जी’ म्हणजे माल, ‘एम’ म्हणजे दोन्ही, ‘एस’ म्हणजे शंटिंग. वाफेच्या इंजिनाला मात्र शक्तीचे अक्षर नाही. १९४७ साली आलेले ते गोल नाकाचे सुंदर इंजिन नुसते ‘डब्ल्यूपी’, आणि मालगाडीचे ‘डब्ल्यूजी’. घरातल्या थोरल्याला वेगळी खूण लागत नाही. धाकटा जन्मला की मग थोरला आणि धाकटा असे म्हणावे लागते, तसेच हे.

या अक्षरांत कामगाराचा जीव सांभाळण्याची शक्ती आहे. मुंबईच्या आसमंतात तारांतून पंधराशे व्होल्टची एकदिश वीज वाहत होती. बाहेरच्या मुलखात पंचवीस हजार व्होल्टची प्रत्यावर्ती. एका तारेखालचे इंजिन दुसऱ्या तारेखाली नेणे म्हणजे अनर्थ. ‘डब्ल्यूसीएम’ म्हटले की ते कोणत्या तारेखाली उभे करायचे हे कळत असे. आणि दोन्हीकडे चालणारे इंजिन आले तेव्हा त्याच्या नावात दोन्ही अक्षरे आली, ‘डब्ल्यूसीएएम’. २०१६ सालापर्यंत मुंबईतली एकदिश वीज पूर्णपणे गेली. पण तोवर या एका अक्षराने आपले काम चोख बजावले होते.

स्वातंत्र्यानंतर मानाची नावे पुन्हा आली, पण माणसे बदलली. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली बाहेर पडलेल्या पहिल्या वाफेच्या इंजिनाचे नाव ‘देशबंधू’. तेथेच १९६१ साली तयार झालेल्या पहिल्या विजेच्या इंजिनाचे नाव ‘लोकमान्य’. आम्हा कामगारांना या दोन नावांविषयी विशेष आपुलकी आहे. देशबंधू दास हे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्ष होऊन गेले. आणि १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या होत्या. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘लोकमान्य’ हे नाव मिरवणारे इंजिन कागदोपत्री ‘डब्ल्यूसीएम-५’च राहिले. मान पाटीवर आणि काम अक्षरात, अशी वाटणी झाली. ती योग्यच झाली.

तिसऱ्या प्रकारची नावे कोणत्याही आदेशात सापडत नाहीत. ज्याचे नाव सर लेस्ली विल्सन, त्या जातीची एकूण ४१ इंजिने होती. मध्ये ड्रायव्हरची खोली आणि दोन्ही अंगांना लांब सोंडी असा त्यांचा घाट. स्वित्झर्लंडात याच घाटाच्या इंजिनाला लोक मगर म्हणत. आमच्या घाटातल्या माणसांनी त्याला ‘खेकडा’ म्हटले. अण्णा सांगत, उभे असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी म्हणून. त्यांचे एक सोबती म्हणत, बाजूच्या दांड्या पायांसारख्या हलत म्हणून. खरे कोणते, हा वाद त्या दोघांनी आयुष्यभर पुरवला. पण अण्णांच्या तोंडी गव्हर्नरसाहेबांचे नाव मी एकदाही ऐकले नाही. गव्हर्नर गेले, त्यांचे राज्य गेले. खेकडा मात्र जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही आहे. हे बारसे कामगारांनी केले होते, आणि त्याला कुणाची मंजुरी लागली नाही.

आता मी माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे वळतो. मी ज्या कारखान्यात होतो तेथे छपराखाली चालणाऱ्या चार क्रेन होत्या. फाटकापासून एक, दोन, तीन, चार. पुढे फाटकाच्या बाजूला शेड वाढवली आणि नवी क्रेन बसवली. कचेरीने ठरवले, की क्रमांक फाटकापासूनच असावेत. म्हणून नवी क्रेन झाली एक, आणि बाकीच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकल्या. नव्या पाट्या लागल्या, परिपत्रक निघाले. आम्हाला कुणी विचारले नाही, आणि आम्हीही, खरे सांगायचे तर, तेव्हा काही बोललो नाही. नावात काय एवढे, असे आम्हालाही वाटले.

तीन आठवड्यांनी रात्रपाळीत ‘तीन नंबरची वीज बंद करा’ असा निरोप गेला. स्विचवर होता नवा मुलगा. त्याने पाटी वाचून नवी तीन बंद केली. वर चढला आमचा जुना वायरमन. वीस वर्षे जिला तो तीन म्हणत आला होता, तिच्यावरच तो चढला. ती आता चार होती, आणि तिच्या उघड्या तारांत वीज होती. त्याचा प्राण वाचला, पण उजवा हात खांद्यापासून गेला. चौकशी झाली. ‘कर्मचाऱ्याने पाटी वाचली नाही’ असा निष्कर्ष निघाला. तो खोटा होता असे मी म्हणत नाही. त्याने पाटी वाचली नव्हती, हे खरेच आहे. पण वीस वर्षांची सवय रात्री दोन वाजता पाटी वाचत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मी हातात युनियनचे काम घेतले ते त्यानंतर. आमची मागणी भरपाईची होतीच. पण दुसरी मागणी क्रमांकांची होती. आम्ही म्हटले, नवी नावे द्यायची तर ती जुन्या नावांशी मिळतीजुळती असू नयेत. एकच शब्द काल एका वस्तूचा आणि आज दुसऱ्या वस्तूचा, असे होता कामा नये. सात महिन्यांनी क्रेनना क्रमांकांऐवजी अक्षरे मिळाली आणि जुने आकडे खरवडून काढले गेले. ‘एक्स’ सोडून ‘डब्ल्यू’ घेणाऱ्यांनी जे ओळखले होते, ते आम्हाला एक हात गमावून कळले.

ही चूक केवळ लहान कारखान्यात होते असे नाही. डिझेल इंजिनांच्या नावाशेवटचा आकडा आरंभी नुसता अनुक्रम दाखवी. ‘डब्ल्यूडीएम-२’ म्हणजे त्या जातीतले दुसरे. त्याच काळात ‘डब्ल्यूडीएम-४’ही आले, त्याचा चार म्हणजेही क्रमच. पुढे ठरले, की आकडा हजार अश्वशक्ती दाखवील आणि त्यापुढचे अक्षर शेकडा. म्हणून ३,१०० अश्वशक्तीचे ‘डब्ल्यूडीएम-२सी’ हे एका रात्रीत ‘डब्ल्यूडीएम-३ए’ झाले. नवीन रीत जुनीपेक्षा अधिक बोलकी होती, यात शंका नाही. परंतु जुना चार चार हजारांचा नव्हता, नवा चार चार हजारांचा आहे. आणि विजेच्या इंजिनांचा आकडा तर अजून क्रमच दाखवतो. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही त्याने एकच आकडा पाहून तीन वेगवेगळे अर्थ काढावेत, अशी ही स्थिती आहे.

अलीकडचे एक उदाहरण आपणा सर्वांना परिचित आहे. चेन्नईच्या डब्यांच्या कारखान्यात २०१८ साली एक स्वयंचलित गाडी तयार झाली. तेथे तिला ‘ट्रेन १८’ म्हणत. ज्या वर्षी पुरी करायची ते वर्षच नावात घातले होते. बांधणाऱ्याच्या दृष्टीने ते उत्तम नाव होते. मुदत दररोज डोळ्यांसमोर राही. २०१९ साली ती लोकांसमोर आली ती ‘वंदे भारत’ म्हणून. पाळण्यातले नाव एक आणि व्यवहारातले एक, हे आपल्या घरांतही चालते. त्यात वावगे काही नाही. फक्त पाळण्यातले नाव ज्यांनी ठेवले त्यांचा विसर पडू नये.

यंत्रांइतकीच माणसांचीही नावे बदलत आली आहेत. गँगमनचा ट्रॅकमन झाला, मग ट्रॅक मेंटेनर झाला. २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात स्टेशनवरच्या कुलीला ‘सहायक’ म्हणावे असे जाहीर झाले. अपमानाचा शब्द गेला याचा मला मनापासून आनंद आहे. पण डोक्यावरच्या पेटीचे वजन शब्दाने कमी होत नाही. नाव बदलल्यावर मजुरी, विसावा आणि म्हातारपणची सोय यांत काय बदलले, हे विचारण्याचा हक्क त्या माणसाला असलाच पाहिजे.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. मानाचे नाव पाटीवर खुशाल लिहा. कामाचे नाव मात्र असे असावे, की जो यंत्राला हात लावणार त्याला ते ऐकताच अर्थ कळावा, आणि गोंगाटातही ते दुसऱ्या नावासारखे ऐकू येऊ नये. बदलायचेच असेल तर जुने पुरते पुसा, आणि त्याचा शब्द दुसऱ्याला देऊ नका. आणि बदलण्याआधी रात्रपाळीच्या माणसाला एकदा विचारा.

आमचा तो वायरमन अजून भेटतो. पेन्शनीत आहे. डाव्या हाताने चहाचा कप उचलतो आणि हसून म्हणतो, ‘तात्या, तीन नंबर कोणती रे आता?’ मी सांगतो, ‘आता तीन नंबर कुठलीच नाही.’ तो मान हलवतो. एवढे झाले, एवढेच त्याला पुरेसे वाटते. मला मात्र ते पुरेसे वाटत नाही, म्हणून आज आपल्यापुढे हे बोललो.