२००० एडी (अंक १)

'२००० एडी' या ब्रिटिश विज्ञानकथा-चित्रकथा साप्ताहिकाचा पहिला अंक २६ फेब्रुवारी १९७७ या तारखेचा आहे. आयपीसी मॅगझिन्स या लंडनमधील संस्थेने तो प्रकाशित केला. साप्ताहिकाची आखणी पॅट मिल्स यांनी केली व पहिले संपादकही तेच होत. 'इन्व्हेजन!', 'फ्लेश', 'डॅन डेअर', 'एम.ए.सी.एच. १' आणि 'हार्लेम हीरोज' या पाच क्रमशः चित्रमालिकांचे पहिले भाग या अंकात आहेत. पुढे साप्ताहिकाची ओळख बनलेली 'जज ड्रेड' ही व्यक्तिरेखा त्यात नाही. ती ५ मार्च १९७७ च्या दुसऱ्या अंकात अवतरली. तसेच अंकातील मालिकांसाठी लेखक व चित्रकारांची श्रेयनामावली दिलेली नाही. त्यामुळे हा अंक साप्ताहिकाच्या मूळ योजनेचा आणि तत्कालीन ब्रिटिश चित्रकथा-व्यवसायातील रीतींचा महत्त्वाचा दस्तऐवज मानता येतो.

पार्श्वभूमी

आयपीसीमधील उपसंपादक केल्विन गॉस्नेल यांनी १९७५ च्या अखेरीस लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या दैनिकात एक लेख वाचला. विज्ञानकथांवरील चित्रपटांची लाट येऊ घातली आहे, असा त्याचा आशय होता. या लाटेआधीच एक विज्ञानकथा साप्ताहिक काढावे, असे गॉस्नेल यांनी वरिष्ठांना सुचवले. आखणीचे काम पॅट मिल्स यांच्याकडे आले व त्यांनी जॉन वॅग्नर यांना संहिता-सल्लागार म्हणून सोबत घेतले. याच जोडीने १९७५ मध्ये 'बॅटल पिक्चर वीकली' हे युद्धकथांचे साप्ताहिक उभे केले होते. ज्या लाटेचा अंदाज बांधला गेला होता तिचा सर्वांत मोठा चित्रपट, 'स्टार वॉर्स', अमेरिकेत मे १९७७ मध्ये आणि ब्रिटनमध्ये त्याच वर्षी डिसेंबरअखेर प्रदर्शित झाला. म्हणजे साप्ताहिक त्याच्या आधीच वाचकांच्या हाती पडले होते.

साप्ताहिकाच्या जडणघडणीवर 'ॲक्शन' या नियतकालिकाचीही छाया आहे. मिल्स यांनीच १९७६ मध्ये आखलेल्या या मुलांच्या साप्ताहिकावर त्यातील हिंसेमुळे वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून टीकेचा भडिमार झाला. ऑक्टोबर १९७६ मध्ये ते विक्रीतून मागे घेण्यात आले आणि नंतर सौम्य रूपात पुन्हा निघाले. या घटनेनंतर अवघ्या चार महिन्यांत '२००० एडी' बाजारात आले. रस्त्यावरील मारामारीच्या जागी डायनोसॉर, यंत्रमानव आणि भविष्यकाळ आल्याने तोच आक्रमक सूर तुलनेने सुरक्षित अंतरावरून मांडता आला.

'२००० एडी' म्हणजे इसवी सन २०००. हे नाव आयपीसीचे जॉन सँडर्स यांनी सुचवले. मुलांची साप्ताहिके तेव्हा काही वर्षांतच बंद पडत किंवा दुसऱ्यात विलीन होत. त्यामुळे नावातले वर्ष प्रत्यक्षात उजाडेपर्यंत हे साप्ताहिक टिकेल, अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

अंकाचे स्वरूप

अंक स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापलेला असून बहुतांश पाने कृष्णधवल आहेत. मुखपृष्ठावर 'आठ पेन्स, पृथ्वीचे चलन' अशा विनोदी ढंगात किंमत दिलेली आहे. सोबत 'स्पेस स्पिनर' ही हवेत भिरकावण्याची प्लास्टिकची लहान तबकडी भेट म्हणून देण्यात आली होती. मुलांनी ती खेळून टाकल्यामुळे तबकडीसह सुस्थितीत उरलेल्या प्रतींना संग्राहकांत विशेष मागणी असते.

अंकाचे संपादकत्व 'थार्ग द मायटी' या काल्पनिक परग्रहवासीयाकडे सोपवलेले आहे. बीटलज्यूस (काक्षी) ताऱ्याकडून आलेला हा हिरव्या वर्णाचा संपादक वाचकांना 'पृथ्वीची पोरे' असे संबोधतो व स्वतःच्या बनावट भाषेतले शब्द वापरतो. अंकांना 'प्रोग्रॅम' या शब्दाचे लघुरूप असलेली 'प्रोग' ही संज्ञा रूढ झाली व ती आजही वापरली जाते.

मांडणीच्या बाबतीत मिल्स यांनी प्रचलित रीतीपासून फारकत घेतली. तत्कालीन साप्ताहिकांत एका मालिकेला तीन-चार पाने मिळत व ती लहान चौकटींनी गच्च भरलेली असत. येथे प्रत्येक भागाला अधिक पाने देऊन मोठी, चौकटीबाहेर झेपावणारी चित्रे वापरण्यात आली.

मालिका

इन्व्हेजन! : काळ १९९९. 'व्होल्गन' सैन्य ब्रिटन पादाक्रांत करते. मूळ कल्पनेत आक्रमक सोव्हिएत रशिया होता. प्रसिद्धीपूर्वी नाव बदलण्यात आले. कुटुंब गमावलेला लंडनचा लॉरीचालक बिल सॅव्हेज बंदूक हाती घेऊन प्रतिकार सुरू करतो. मार्गारेट थॅचर यांच्याशी साम्य असलेल्या महिला पंतप्रधानांना सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्याचे यात दाखवले आहे. थॅचर तेव्हा विरोधी पक्षनेत्या होत्या; त्या प्रत्यक्षात पंतप्रधान झाल्या मे १९७९ मध्ये. चित्रे स्पॅनिश चित्रकार हेसूस ब्लास्को यांची आहेत.

फ्लेश : तेविसाव्या शतकातील मांसटंचाई भागवण्यासाठी एक कंपनी काळात मागे जाऊन डायनोसॉरांचे कळप हाकते व त्यांची कत्तल करते. अमेरिकी गुराख्यांच्या कथेचा साचा येथे वापरला असला, तरी लेखकाचा कल हळूहळू प्राण्यांच्या बाजूने झुकतो. मालिकेच्या शेवटी डायनोसॉरच कंपनीचा तळ उद्ध्वस्त करतात.

डॅन डेअर : 'ईगल' साप्ताहिकात १९५० मध्ये फ्रँक हॅम्पसन यांनी निर्माण केलेला हा अवकाशवीर. दोनशे वर्षांच्या निद्रेनंतर तो नव्या चेहऱ्याने जागा होतो, अशी योजना करून त्याला पुन्हा आणण्यात आले. परिचित नावामुळे त्याच्याकडे अंकाचे मुख्य आकर्षण म्हणून पाहिले गेले व मधली रंगीत पाने त्याला मिळाली. इटालियन चित्रकार मॅसिमो बेलार्डिनेल्ली यांनी परग्रहांची दृश्ये विलक्षण कल्पकतेने रेखाटली. जुन्या 'ईगल'च्या वाचकांना मात्र हा बदललेला नायक परका वाटला.

एम.ए.सी.एच. १ : संगणकनियंत्रित सूचिचिकित्सेने अचाट शक्ती लाभलेला गुप्तहेर जॉन प्रोब. 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा प्रभाव स्पष्ट आहे.

हार्लेम हीरोज : पाठीवर जेट बांधून हवेत खेळल्या जाणाऱ्या 'एअरोबॉल' या काल्पनिक खेळाची कथा. ब्रिटिश मुलांच्या चित्रकथांत कृष्णवर्णीय नायक तेव्हा अगदी विरळा होते. येथे संपूर्ण संघच तसा आहे. पुढे 'वॉचमेन'मुळे जगभर नावाजलेले डेव्ह गिबन्स हे तिचे चित्रकार होत.

जज ड्रेडची अनुपस्थिती

पकडणे, न्याय देणे आणि शिक्षा अंमलात आणणे हे तिन्ही अधिकार एकवटलेल्या भावी काळातील पोलीस अधिकाऱ्याची कल्पना वॅग्नर यांची आणि त्याचे दृश्यरूप स्पॅनिश चित्रकार कार्लोस एझ्केरा यांचे. दरम्यान, एका बाहेरच्या गुंतवणूकदाराने साप्ताहिक विकत घेऊन निर्मात्यांना आर्थिक वाटा देण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो बारगळल्यावर वॅग्नर बाहेर पडले. ड्रेडची पहिली प्रसिद्ध कथा पीटर हॅरिस यांच्या संहितेत मिल्स यांनी फेरफार करून तयार झाली व ती तरुण चित्रकार माइक मॅकमहॉन यांनी रेखाटली. आपण घडवलेली व्यक्तिरेखा दुसऱ्याच्या हातून प्रथम प्रकट झाली याने व्यथित होऊन एझ्केराही दूर झाले. दोघेही नंतर परतले. पहिल्या अंकात ड्रेड नसण्यामागे व्यक्तिरेखेची अशी खडतर सिद्धता आहे.

श्रेयनामांचा अभाव

निर्मात्यांची नावे न छापणे हा तेव्हा ब्रिटिश चित्रकथा-व्यवसायाचा प्रघात होता. कामाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे जात आणि पुनर्मुद्रणातून निर्मात्याला मानधन मिळत नसे. या लेखात वर दिलेली नावेही अंकाच्या पानांवरून कळत नाहीत. ती नंतरच्या मुलाखती व अभ्यासांतून निश्चित झाली आहेत. १९७७ च्या उत्तरार्धात केव्हिन ओ'नील यांच्या पुढाकाराने मालिकांसोबत लहान श्रेयपट्टी छापली जाऊ लागली. थार्गच्या सेवेतील यंत्रमानव असा विनोदी मुखवटा निर्मात्यांना दिलेला असला, तरी नावे खरी होती. अमेरिकी प्रकाशकांनी १९८० च्या दशकात येथील लेखक-चित्रकारांना आपल्याकडे बोलावले, तेव्हा कोणते काम कोणाचे हे या पट्ट्यांमुळे ठाऊक झालेले होते.

उत्तरकाळ

पहिल्या अंकातील पाचही मालिका कालांतराने संपल्या. त्यांपैकी 'इन्व्हेजन!'चा नायक २००४ मध्ये मिल्स यांनीच 'सॅव्हेज' या मालिकेतून पुन्हा आणला. साप्ताहिकाने १९७८ मध्ये 'स्टारलॉर्ड' व १९७९ मध्ये 'टॉर्नेडो' ही नियतकालिके स्वतःत सामावून घेतली. मालकी अनेकदा बदलून २००० साली ती रिबेलियन या ऑक्सफर्ड येथील संगणक-खेळ निर्मात्या कंपनीकडे आली. सप्टेंबर २०१६ मध्ये साप्ताहिकाचा दोन हजारावा अंक निघाला.