तळटीप : ‘पेट साउंड्स’चे ऋण

७. येथे लेखकाला अभिप्रेत असलेला वाद्यवृंद म्हणजे ‘द बीच बॉइज’. ब्रायन, डेनिस व कार्ल हे विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनी १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न येथे तो स्थापन केला. ‘बीटल्स’च्या ‘रबर सोल’ने (१९६५) चकित होऊन ब्रायनने ‘पेट साउंड्स’ (१९६६) हा अल्बम रचला. त्याचा ‘बीटल्स’मधील पॉल मॅकार्टनीवर खोल परिणाम झाला. मॅकार्टनी स्वतः बास गिटार वाजवणारा. त्यामुळे कॉर्डच्या मूळ स्वराला चिकटून न राहता स्वतंत्र धुनेसारखी चालणारी त्यातील बासची चाल त्याने विशेष वाखाणली. ‘बीटल्स’च्या ‘सार्जंट पेपर्स’मागे (१९६७) ‘पेट साउंड्स’ची प्रेरणा असल्याचे त्याने व निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी पुढे मान्य केले. ‘पेट साउंड्स’मधील ‘गॉड ओन्ली नोज’ हे मॅकार्टनीच्या सर्वांत आवडत्या गीतांपैकी एक. २००० साली ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये ब्रायनचे स्वागत त्यानेच केले. सबब, मूळ मजकुरातील ‘स्पर्धा’ हा शब्द परस्परांकडून शिकणे या अर्थीच घ्यावा. — संपा.