सौदा, हौस आणि चैन

कोल्हापूरची शाहूपुरी राजर्षी शाहूंनी १८९५ साली गुळाच्या पेठेसाठी वसवली. गुळाचा बाजार पुढे मार्केट यार्डात गेला, पण शब्द तोच राहिला. गूळवाल्याच्या तोंडी 'लिलाव' क्वचितच. तिथे सौदे निघतात, आणि दर पडला की शेतकरी सौदे बंद पाडतात.

हा 'सौदा' फारसीतला, आणि तिथे त्याचे दोन संसार दिसतात. एकात माल, देणेघेणे, व्यवहार. दुसऱ्यात वेड, ध्यास, खिन्नता. हा दुसरा अरबी 'अस्वद', म्हणजे काळा, याच्या स्त्रीलिंगी रूपातून आलेला: काळे पित्त. खून, बलगम, सफरा आणि सौदा हे युनानी वैद्यकातले चार रस. चौथा वाढला की माणूस उदास होतो, भ्रमिष्टही. कल्पना मुळात ग्रीकांची. 'मेलँकली'तला 'मेलन' तो हाच काळा. व्यापारातल्या सौद्याचे मूळ निराळे असावे, पण उच्चार एकच पडल्याने दोघांची सरमिसळ झाली. अठराव्या शतकातले दिल्लीचे शायर मिर्झा रफी यांनी 'सौदा' हेच टोपणनाव घेतले. वडील व्यापारी आणि मुलगा कवितेचा वेडा, तेव्हा दोन्ही अर्थ त्यांना हवे असावेत.

मराठीने यातला व्यवहार घेतला, पित्त तिथेच ठेवले. 'हौसे'चेही तसेच. अरबी 'हवस' म्हणजे खूळ, झपाटलेपण. हिंदीत ती अजून वासनेकडे झुकते. आपल्याकडे मात्र तीच हौस बारशात मिरवते, नातवाला अंगडे शिवते, नाटक मंडळींना 'हौशी' करते. 'हव्यास' हा तिचाच भाऊबंद असावा. तसे असेल तर घराण्यातला मूळ विकार सगळा त्याच्या वाट्याला गेला म्हणायचा.

सगळ्यांत लबाड शब्द 'चैन'. हिंदीत चैन म्हणजे स्वस्थता. मराठीत चैन म्हणजे गरजेपलीकडचा खर्च. पण 'तिला चैन पडेना' म्हणताना जुना अर्थ शाबूत असतो. आणि 'बेचैन' माणूस म्हणजे चैनीच्या वस्तू न मिळालेला नव्हे, पुष्कळदा उलटेच. पैसे खर्चले की जिवाला स्वस्थ वाटते, हा समज शब्दाच्या पोटात कधीतरी नकळत शिरलेला दिसतो. 'चंगळवाद' हा त्या मानाने अलीकडचा आणि आरडाओरडा करणारा शब्द. मला चैनच अधिक बोलकी वाटते.

आता शाहूपुरीतली 'पुरी'. आधुनिक भाषाशास्त्र 'पुर'ची सोयरीक ग्रीक 'पोलिस'शी, म्हणजे नगराशी, जुळवते. जुने वैयाकरण मात्र तो 'पॄ' धातूकडे नेत, आणि धातुपाठात त्याचे अर्थ दोन: पालन आणि पूरण. 'पूरणा'च्या गोतावळ्यातच आपले 'पुरणे' बसते. वस्तू पुरते, माणूस ती पुरवतो. 'पुरे' म्हणजे पुरेसे, आणि वाढप्याला हात आडवा करून म्हटलेले 'पुरे' म्हणजे थांब. 'पुरवून खाणे' हा प्रयोग तर हिंदीत नेमका उतरवून दाखवावा! त्यात कंजूषपणा नाही, उपासही नाही. आहे ते लांबवण्याचे कसब आहे.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात हे कसब रोजचे आहे. रस काढून उरलेली चिपाडे उन्हात पसरतात, वाळली की तीच चुलवाणात जातात आणि त्यांच्या जाळावर काहिलीतला रस आटतो. जाळ घालणारा चिपाडांचा ढीग नजरेने जोखतो आणि म्हणतो, "पुरतंय."