माहूरची लेणी आणि विझलेली आग



माहूरला जाणारा माणूस बहुधा रेणुकेचे दर्शन घेतो, दत्तशिखर व अनसूयाशिखर करतो, पायांत बळ उरले तर रामगड किल्ल्यात डोकावतो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने नांदेडला परततो. पांडवलेण्याकडे वळणारे थोडेच. मी तेथे गेलो तो मे महिना होता. पारा 43 अंशांच्या पुढे गेलेला आणि वाटेवरचा खडक चपलेतूनही चटका देत होता. खांबांच्या रांगेतून आत शिरलो आणि चार पावलांत घाम सुकला. गाभाऱ्यापाशी एक म्हातारा गुराखी घोंगडी उशाला घेऊन निवांत झोपला होता. राष्ट्रकूट काळातले, सातव्या-आठव्या शतकातले मानले जाणारे हे लेणे. त्याचा आज त्या गुराख्याइतका रास्त उपयोग दुसरे कोणी करीत नसेल.

हा गारवा कोठून येतो, आणि हा दगड कोठून आला? या दोन प्रश्नांचा पाठपुरावा करता करता मला थेट आइसलंडपर्यंत जावे लागले. अर्थात पुस्तकांतून, आमच्या युनियनचा प्रवासभत्ता पुसदच्या पलीकडे पोहोचत नाही.

गारव्याचे उत्तर सोपे आहे. दगड ऊन हळूहळू आत घेतो आणि हळूहळूच बाहेर सोडतो. दुपारचा ताप दोन-तीन फूट खडकात विरतो. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक तीस-चाळीस फूट खोलीवर जवळजवळ नाहीसा होतो. खोल गुंफेत म्हणून त्या मुलखाची वर्षभराची सरासरी तेवढी उरते. आपल्याकडे ती 27 अंशांच्या आसपास. लेण्याचे तोंड उघडे असल्याने हिशेब इतका काटेकोर राहत नाही, तरी मे महिन्यात 27 आणि 43 यांतला फरक गुराख्याला पुस्तकावाचून कळतो.

आता हीच गुंफा ज्या देशाची सरासरी शून्याच्या जवळपास आहे तेथे नेऊन ठेवा. हिवाळ्याची जड, थंड हवा खाली उतरून आत बसते. उन्हाळ्याची हलकी हवा वरच्या वर निघून जाते. आत झिरपलेले पाणी गोठते आणि वितळायला त्याला सवडच मिळत नाही. अशी हिमगुंफा तयार होते. आइसलंडच्या पश्चिम भागात सुर्त्सहेल्लिर नावाची गुंफा आहे. ती माणसाने कोरलेली नव्हे. वाहत्या लाव्ह्याची वरची साय थिजली, आतला रस वाहून गेला आणि मागे पोकळ बोगदा राहिला. हा उद्रेक इसवी सन 900 च्या सुमाराचा. म्हणजे बेटावर माणसे राहायला येऊन पुरती दोन पिढ्यांचीही वस्ती झाली नव्हती. डोळ्यांदेखत डोंगर फुटलेला पाहून त्या लोकांनी काय केले? खडक निवल्यावर ते गुंफेत शिरले, आत नावेच्या आकाराचे दगडी बांधकाम केले आणि तेथे जनावरे होमली. त्यांच्या कथांत सुर्त नावाचा अग्निदैत्य आहे. गुंफेला नाव त्याचेच. उत्खननात हाडांबरोबर मणी सापडले, आणि पूर्व तुर्कस्तानाकडून आलेला हरताळही सापडला. (आम्हा युनियनवाल्यांचा हरताळ निराळा; हा पिवळ्या रंगाचा.) आगीच्या दैत्याच्या घरात पुढे बर्फ साचू लागले, याची गंमत त्या लोकांना वाटली असेल की नाही कोण जाणे.

त्यांची आग ताजी होती. आपली केव्हाच विझली होती. माहूरच्या शिखरांपासून कळसूबाईच्या 1,646 मीटर उंचीपर्यंत आपण ज्यावर उभे आहोत तो सारा थिजलेला लाव्हा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर वाहिला. त्यांतून उरलेला आजचा पसाराही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. त्याला ट्रॅप म्हणतात, आणि तो शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. मराठवाड्यातील कोणताही डोंगर बाजूने पाहा, पायऱ्या दिसतील. दोन पायऱ्यांच्या मधे काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. आग थांबून जमिनीला मधे विसावा मिळाल्याची ती खूण. याच दगडाची माती झाली ती आपली काळी. तिच्यात कापूस झाला, कापसावर नांदेडची उस्मानशाही मिल उभी राहिली. ती बंद पडली त्यालाही आता बरीच वर्षे झाली, पण तो विषय या व्यासपीठावर काढला तर लेणी राहून जातील.

मग ज्वालामुखीचे तोंड कोठे आहे, असा प्रश्न हमखास येतो. चित्रातला शंकूसारखा डोंगर आपल्याकडे शोधू नये. येथे जमीन लांबच लांब भेगांनी उसवली आणि रस त्या भेगांतून पसरला. याचा लहानसा नमुना पुन्हा आइसलंडातच आहे. 8 जून 1783 रोजी तेथे लाकी येथे सुमारे 27 किलोमीटर लांबीची भेग फुटली आणि आठ महिने वाहत राहिली. विषारी धुराने कुरणे व गुरे गेली आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशाच्या लोकसंख्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा मेला. लाव्ह्यात बुडून मेलेले कोणी ऐकिवात नाही. मारले ते उपासमारीने.

लोणारचे सरोवर हे विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड होय, असे आपल्याकडे पुष्कळ काळ सांगितले जाई. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, आणि पुढे दीडशे वर्षे वाद चालला. 1973 मध्ये तेथील दगडांत प्रचंड आघाताखेरीज होऊच शकत नाही असे काचीकरण दाखवण्यात आले आणि निकाल लागला. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा तो खड्डा आकाशातून पडलेल्या पाषाणाचा आहे. माहूरच्या मुलखातील उनकेश्वरचे गरम झरे दाखवूनही लोक म्हणतात, खाली अजून निखारा आहे. तसे नाही. पाणी भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातील नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. 6 कोटी वर्षांपूर्वीचा निखारा त्यासाठी लागत नाही.

आता लेणे कोरणाऱ्यांकडे वळू. माहूरच्या गडाचा इतिहास सांगताना आपण राजांची यादी म्हणतो, फार तर उंबरखिंडीच्या 1661 च्या लढाईत मोगलांच्या बाजूने उतरलेल्या रायबागनचे नाव घेतो. लेणे कोरणाऱ्याचे नाव घेत नाही, कारण ते कोणी लिहूनच ठेवले नाही. ते काम कसे चाले हे अजिंठ्याच्या 24 क्रमांकाच्या अपुऱ्या लेण्यात दिसते. छत आधी, जमीन शेवटी. वरून खाली उतरत जायचे. त्यामुळे परातीचा खर्च वाचतो, पण चुकीला जागा राहत नाही. बांधकामात वाकडा दगड काढून दुसरा बसवता येतो. येथे नाकाचा टवका उडाला की मूर्ती गेली. पाथरवटाच्या जोडीला टाक्यांना धार लावणारा लोहार, चुरा उपसणारे, पाणी वाहणारे, भाकऱ्या भाजणाऱ्या बाया, असा सगळा तळच तेथे पडत असला पाहिजे. अजिंठ्याच्या 16 व्या लेण्यात वराहदेव या वाकाटकांच्या मंत्र्याचे नाव आहे, 26 व्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्राचे आहे. पैसा देणारे व पुण्य मागणारे कळतात. राष्ट्रकूट घराण्यातील कर्काचा 812-13 चा एक ताम्रपट बडोद्यास मिळाला. एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, देवळाविषयी त्यात म्हटले आहे की, ते करणारा कारागीरही आपल्या हातून हे कसे घडले म्हणून थक्क झाला. राजाच्या कवीला त्या कारागिराचे आश्चर्य आठवले. त्याचे नाव मात्र आठवले नाही.

लेण्याचा तोच गारवा आपल्या गावकऱ्यांनी घरात आणला. लातूर-उस्मानाबादकडील माळवदाची घरे तुम्हांला ठाऊक आहेत: दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि फूट-दीड फूट मातीचे धाबे. बाहेर वणवा पेटला तरी आत थंड. हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असता, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली आणि तोच गारवा माणसांच्या छातीवर आला. सुमारे 10,000 माणसे मेली. मी त्या वेळी विशीत होतो. ढिगारे उपसायला गेलेल्या जथ्यात होतो. ज्वालामुखी जागा झाला असे तेथे जो तो बोलत होता. पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीला भोक पाडले, तेव्हा 338 मीटरवर काळा खडक संपला व त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग जुना ग्रॅनाइट लागला. रस नाही, आग नाही. उत्तरेकडे रेटली जाणारी आपली भूमी एका जुन्या भेगेपाशी सरकली होती.

ढिगारे उपसताना जे हाताला लागले तेच खरे कारण होते. भिंतीचा एक थर आतला, एक बाहेरचा, मधे गोटे आणि माती. दोहोंना बांधणारे काही नाही. जमीन हलली तसे दोन्ही थर फुगून सुटले आणि वरचे धाबे खाली बसले. कुडाच्या झोपडीत आणि पत्र्याखाली झोपलेले पुष्कळसे वाचले. लेण्याला ही भीती नाही, कारण त्यात सांधाच नाही.

नंतर 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. इतर शेकडो गावांत जुनी घरे सावरायचे काम निघाले आणि गवंड्यांना एक साधी गोष्ट नव्याने शिकवण्यात आली: भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडायचे आणि आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत पोहोचेल असा एक सांधा घालायचा, लांब दगडाचा किंवा सळई घातलेल्या काँक्रीटचा. एका भोकाला दोन माणसे आणि थोडा वेळ लागे. ते पाडताना भिंत ठोकायची नसे. एकेक गोटा हलक्या हाताने सोडवून काढावा लागे.