घराच्या पायाखालची शेतवस्ती

रोमन काळातील ब्रिटन म्हटले की हेड्रियनची भिंत, सरळ रस्ते आणि श्रीमंतांच्या फरसबंद हवेल्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण तेथील बहुसंख्य लोक शेतकरी होते. त्यांनी काही लिहून ठेवले नाही, आणि त्यांची घरे लाकूड, माती व गवताची होती. मग त्यांचा इतिहास आपल्याला कळतो कसा? बऱ्याच वेळा तो नवी घरे बांधताना कळतो.

पूर्वी संशोधक साहजिकच जेथे दगडी भिंती दिसत तेथे खणत. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये सरकारने नियोजनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. बांधकामापूर्वी जमिनीतील अवशेष तपासायचे आणि खर्च बांधणाऱ्याने सोसायचा, ही रीत त्यानंतर रुळली. घरांची जागा इतिहास पाहून निवडली जात नाही. त्यामुळे एरवी कोणी खणली नसती अशी जमीन उघडी पडू लागली.

केंब्रिजच्या पश्चिमेला केंबोर्न हे नवे गाव १९९८ च्या सुमारास उभे राहू लागले. तेथील माती जड व चिकण. अशा जमिनीवर प्राचीन काळी फारशी वस्ती नसावी, असा समज होता. कोरड्या दिवसांत बुजलेल्या चरावरचे पीक अधिक हिरवे राहते आणि ते विमानातून ओळखता येते. पण चिकणमाती सगळीकडेच ओल धरते, म्हणून तेथे हा फरक सहसा दिसत नाही. प्रत्यक्ष उत्खननात मात्र लोहयुगातील आणि रोमन काळातील अनेक लहान शेतवस्त्या सापडल्या.

अशा ठिकाणी सापडते ते काय? वरची माती हलकेच काढली की खालच्या फिकट मातीत गडद पट्टे दिसतात. ते आवाराभोवतीचे बुजलेले चर. वर्तुळाकार चर म्हणजे गोल घराच्या पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारी नाली. छोटे काळे ठिपके म्हणजे कुजलेल्या मेढींचे खड्डे. माती पाण्यात कालवली की कोळसा झालेले धान्य तरंगते. इ. स. ४३ मध्ये रोमन सैन्य आले, तरी अनेक कुटुंबे गोल घरांतच राहत होती. गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, आलेल्या तांबड्या चकचकीत भांड्यांची खापरे काळ ठरवायला मदत करतात, कारण त्यांचे आकार व नक्षी काळानुसार बदलत गेली.

खणलेला चर पुन्हा तपासता येत नाही. त्यावर घर उभे राहते. मागे उरतात त्या नोंदी, नकाशे आणि छायाचित्रे. रेडिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने अडीच हजारांहून अधिक वस्त्यांच्या अशा नोंदी एकत्र केल्या गेल्या आणि २०१६ मध्ये त्यांवरील पहिला खंड निघाला. हवेल्या थोड्या आणि साध्या शेतवस्त्याच फार, हे त्यातून स्पष्ट झाले.

वर्गात एक प्रयोग करता येईल. शाळेच्या आवारात हातभर खोल चर खणून तो पालापाचोळा व वरच्या मातीने बुजवावा. वर्षभराने तो आडवा कापून मुलांना दाखवावा. मातीच्या रंगावरून चराच्या कडा त्यांना ओळखता येतात का, हे आपण पाहू या.