ग्रहाकडून यानाकडे : स्त्री-स्त्री प्रेमाची विज्ञानकथा आणि जोडलेले गोत

अमेरिकन विज्ञानकथेत दोन स्त्रियांचे प्रेम उघडपणे अवतरले ते प्रथम ग्रहावर. यानात ते पुष्कळ उशिरा आले. हा भेद केवळ स्थळाचा नाही. ग्रह म्हणजे समाज. लेखिकेला त्याला इतिहास, कायदा, शेती, राज्यव्यवस्था हे सारे पुरवावे लागते आणि तेथे पुरुष का नाहीत याचा खुलासाही करावा लागतो. यान म्हणजे घर. त्यात मोजकी माणसे असतात, ती एकमेकांना निवडून आलेली असतात आणि त्यांच्या एकत्र असण्याला कोणी खुलासा मागत नाही. ग्रहाकडून यानाकडे झालेली ही वाटचाल म्हणजेच आज 'अवकाशातील प्रणयकथा' म्हणून लोकप्रिय झालेल्या या उपप्रकाराचा इतिहास होय. या वाटचालीत काय मिळाले हे त्याचे वाचक उत्साहाने सांगतात. काय गमावले गेले, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

या इतिहासाची पूर्वपीठिका विचित्र आहे. मेरी ब्रॅडली लेन यांची 'मिझोरा' ही कादंबरी १८८०-८१ मध्ये सिनसिनाटीच्या एका वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली, तर शार्लट पर्किन्स गिल्मन यांची 'हरलँड' त्यांच्याच 'फोररनर' या मासिकातून १९१५ मध्ये आली आणि पुस्तकरूपाने थेट १९७९ मध्ये. दोन्हींत केवळ स्त्रियांचा समाज आहे, शिक्षण आणि मातृत्व यांचा गौरव आहे. नाही ती फक्त वासना. पुरुष वजा केला की शरीराची ओढही आपोआप वजा होते, असे या लेखिका जणू गृहीतच धरतात. शिवाय मिझोराच्या स्त्रियांनी सावळ्या वर्णाची माणसेच आपल्या समाजातून नाहीशी केली आहेत, आणि 'हरलँड'मध्येही वंशशुद्धीची चिंता लपून राहत नाही. म्हणजे भगिनीभावाचे हे पहिले आदर्शराज्य कोणाला तरी वगळूनच उभे राहिले होते. पुढे 'कुटुंब' या शब्दाचा उत्सव होईल तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

जोआना रस यांची 'व्हेन इट चेंज्ड' ही लघुकथा हार्लन एलिसन संपादित संग्रहात १९७२ मध्ये आली आणि तिला नेब्युला पुरस्कार मिळाला. 'व्हाइलअवे' नावाच्या वसाहतीत सहा शतकांपूर्वी साथ येऊन सर्व पुरुष मेले आहेत. स्त्रिया शेती करतात, द्वंद्वयुद्धे लढतात, एकमेकींशी लग्ने करतात, मुली वाढवतात. कथेची निवेदिका जॅनेट हिला केटी नावाची बायको आहे आणि तीन मुली आहेत. मग पृथ्वीवरून चार पुरुष येतात. समोर स्त्रियांचा जमाव उभा असताना त्यांच्यातील एकजण माणसे कुठे आहेत अशी विचारणा करतो. रस यांचे सामर्थ्य असे की, या क्षणाला त्या किंचाळत नाहीत. केटी आणि जॅनेट यांचा संसार इतका साधा, इतका भांडणांसह आणि सवयींसह मांडलेला आहे, की त्या विचारण्यातला उद्धटपणा वाचकाला स्वतःच्या घरात घुसलेल्या परक्यासारखा जाणवतो. येथे प्रेम आहे आणि त्या प्रेमाला धोकाही आहे. हा धोका व्यक्तीपासून नसून इतिहासापासून आहे. जे पाहुणे आले ते परत येणार, हे जॅनेटला ठाऊक आहे. १९७५ च्या 'द फीमेल मॅन' या कादंबरीत रस यांनी व्हाइलअवेला इतर तीन पर्यायी जगांशेजारी ठेवले आणि तो संताप अधिक धारदार केला. मात्र मूळ कथेची घट्ट वीण कादंबरीला साधली नाही, असेच म्हणावे लागते.

'जेम्स टिप्ट्री' या पुरुषी टोपणनावामागे अ‍ॅलिस शेल्डन होत्या, हे १९७७ पर्यंत उघड झाले. त्याआधी वर्षभर प्रसिद्ध झालेली त्यांची 'ह्यूस्टन, ह्यूस्टन, डू यू रीड?' ही दीर्घकथा या इतिहासातील सांधा मानायला हवी. सौरवादळामुळे तीनशे वर्षे पुढे फेकले गेलेले तीन अंतराळवीर 'ग्लोरिया' या यानावर आश्रय घेतात. त्या यानावर अंतराळमोहिमेचा कोणताही थाट नाही. कोंबड्या आहेत, घरकाम आहे, गप्पा आहेत. पृथ्वीवर आता स्त्रियाच उरल्या आहेत हे पुरुषांना हळूहळू उमगते. खुलासा येथे अजून ग्रहाचाच आहे, परंतु आपलेपणा यानात आला आहे. त्या आपलेपणात पुरुषांना जागा नाही, हे सांगताना टिप्ट्रींचा स्वर कोणालाही दिलासा देत नाही.

यानातील माणसे म्हणजे कुटुंब, ही कल्पना मात्र दुसऱ्या वाटेने आली. सॅम्युअल डिलेनी यांच्या 'बेबल-१७' (१९६६) मध्ये कवयित्री रिद्रा वाँग आपला चमू एकेक माणूस पारखून जमवते आणि त्यातील मार्गनिर्देशक तिघांच्या विवाहात बांधलेले असतात. व्होंडा मॅकिंटायर यांच्या 'स्टारफेअरर्स' (१९८९) मध्ये हीच कल्पना शास्त्रज्ञांच्या 'कुटुंब-भागीदारी'चे रूप घेते. या कल्पनेमागचे सामाजिक वास्तव समजून घेण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ कॅथ वेस्टन यांचे 'फॅमिलीज वुई चूझ' (१९९१) हे पुस्तक उपयोगी पडते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील समलिंगी स्त्री-पुरुषांनी मित्र, पूर्वीचे जोडीदार, शेजारी यांच्यातून नातेसंबंध कसे घडवले, याचा तो अभ्यास आहे. घर सुटण्याची भीती ही त्या घडणीची पार्श्वभूमी होती. रक्ताच्या नात्याला कायदा काय किंमत देतो हे लवकरच दिसून आले. १९९३ मध्ये व्हर्जिनियातील एका न्यायालयाने, आई दुसऱ्या स्त्रीबरोबर राहते म्हणून, तिच्या लहान मुलाचा ताबा मुलाच्या आजीकडे दिला आणि १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

मराठीत या नात्याला नेमका शब्द शोधताना थबकायला होते. 'मानलेला भाऊ', 'मानलेली बहीण' हे प्रयोग रूढ आहेत. पण मानण्यात रक्ताच्या नात्याची नक्कल असते. अमुक नाते नाही, तरी ते आहे असे धरून चालायचे. 'माणसे जोडणे' या प्रयोगात अशी नक्कल नाही, त्यात श्रम आहेत. म्हणून येथे 'जोडलेले गोत' असे म्हटले आहे. ही उणीव शब्दापुरती नाही. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) मधील सुमित्राला प्रेम आहे, हिंमत आहे, एक निष्ठावंत मित्रही आहे. गोत मात्र नाही, आणि तिचा शेवट आत्मनाशात होतो.

त्याच १९९५ साली 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या दूरचित्रवाणी मालिकेच्या 'रीजॉइन्ड' या भागात जॅड्झिया डॅक्स आणि लेनारा कान या दोन स्त्रियांचे चुंबन दाखवले गेले. पूर्वजन्मसदृश एका अवस्थेत त्या पतिपत्नी होत्या आणि त्यांच्या समाजात जुने नाते पुन्हा जोडणे निषिद्ध आहे, शिक्षा हद्दपारीची. त्या दोघी स्त्रिया आहेत याविषयी मात्र कथेतील कोणीही चकार शब्द काढत नाही. निषेधाचे कारण बदलून निषेधाची यातना तशीच ठेवण्याची ही युक्ती विज्ञानकथेलाच शक्य होती.

बेकी चेंबर्स यांची 'द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट' ही कादंबरी वाचकवर्गणीच्या आधारे २०१४ मध्ये स्वयंप्रकाशित झाली, २०१५ मध्ये तिला मोठा प्रकाशक मिळाला आणि २०१९ मध्ये तिच्या मालिकेला ह्यूगो पुरस्कार लाभला. अमेरिकेत समलिंगी विवाह देशभर वैध ठरला तोही २०१५ मध्येच. 'वेफेअरर' या यानावर अवकाशात बोगदे खणणारी कष्टकरी मंडळी आहेत. त्यांतील मानवी रोझमेरी आणि सरीसृपवंशीय सिसिक्स यांचे प्रेम जुळते. सिसिक्सच्या समाजात प्रत्येकाला तीन कुटुंबे असतात: जेथे अंड्यातून जन्म झाला ते, मुले वाढवणारे, आणि या दोहोंमध्ये स्वतः निवडलेले 'पिसांचे कुटुंब'. वेस्टन यांच्या निरीक्षणाला येथे जीवशास्त्राचा आधार दिला आहे. कल्पना मनोहर आहे. परंतु वाचकाला क्वचितच अस्वस्थ करते. यानात राजकारण येते ते बहुधा बाहेरून, एखाद्या वादळासारखे. जेवणाच्या टेबलावर ते बसत नाही.

टिली वॉल्डन यांची 'ऑन अ सनबीम' ही चित्रकादंबरी (२०१६-१७ मध्ये क्रमशः, २०१८ मध्ये ग्रंथरूपात, त्या वर्षाचा लॉस एंजेलिस टाइम्सचा ग्रंथपुरस्कार तिला मिळाला) या परंपरेतील अधिक अवघड कृती आहे. माशाच्या आकाराच्या यानातून फिरणारा एक चमू अवकाशात तरंगणाऱ्या पडक्या वास्तूंची डागडुजी करतो. शार्लट आणि आल्मा हे जोडपे, आल्माची भाची जूल्स, न बोलणारे इलियट आणि नव्याने रुजू झालेली मिया. जूल्स आल्माकडे आली ती बहिणीच्या मृत्यूनंतर. म्हणजे जोडलेल्या गोतात रक्ताचे नातेही आहे, आणि ते नाकारण्याची कोणाला गरज वाटत नाही. मियाची शाळेतली प्रेयसी ग्रेस हिला तिच्या घरच्यांनी 'स्टेअरकेस' या दूरच्या, परक्यांना बंद असलेल्या प्रदेशात परत नेले आहे. तिला शोधायला मियाचा सारा चमू जीव धोक्यात घालून निघतो. येथे जोडलेले गोत जन्माच्या गोतासमोर उभे ठाकते. त्यासाठी ग्रेसच्या घरच्यांना खलनायक मात्र केलेले नाही. त्यांचाही तिच्यावर हक्क आहे, हे वॉल्डन मान्य करतात. त्यामुळेच या प्रणयकथेला वजन येते.

इलियटचे पात्र स्त्री नाही, पुरुषही नाही. इंग्रजीत एका सर्वनामाने ते साधते. मराठीत 'इलियट बोलत नाही' एवढे निर्धोकपणे लिहिता येते. भूतकाळात शिरले की क्रियापदच लिंग विचारू लागते. भावी अनुवादकाला ही अडचण सोडवावी लागेल.

या पाचशेहून अधिक पानांत एकही पुरुष नाही आणि त्याचा खुलासाही नाही. साथ नाही, युद्ध नाही, सौरवादळ नाही. रस यांच्या व्हाइलअवेला सहा शतकांचा इतिहास सांगावा लागला, कारण विचारणारा पाहुणा दारात येऊन ठेपला होता. वॉल्डन यांच्या विश्वात तसा पाहुणा कधी येतच नाही. या मौनाला स्वातंत्र्य म्हणता येईल आणि विस्मरणही. पुन्हा पुन्हा वाचल्यावर असे जाणवते की, वॉल्डन यांनी तो प्रश्न टाळलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. त्यांची माणसे ज्या इमारती दुरुस्त करतात त्या कोणी बांधल्या, तेथे कोण राहत होते आणि का निघून गेले, हे कथेत बहुधा कोणी सांगत नाही. मिया आणि तिचे सहकारी नुसते पाट्या उचलतात, भिंती लिंपतात आणि पुढच्या कामाला निघतात.